मालवण-देवबागची एका दिवसाची बोट ट्रिप: पहिल्यांदा येणाऱ्या छोट्या ग्रुपसाठी

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे कुडाळला फोन यायला सुरुवात होते, कोणाचा भाचा, कोणाचे ऑफिसवाले, कोणाची कॉलेजची गॅंग, आणि प्रश्न ठरलेला, एका दिवसात सिंधुदुर्ग किल्ला, डॉल्फिन, सुनामी आयलंड, मासे सगळं होईल का? होतं. आरामात होतं. फक्त लोक काय करतात, पुण्या-मुंबईतून एक टाइमटेबल बनवून आणतात, नऊला किल्ला, अकराला डॉल्फिन, एकला जेवण, तीनला आयलंड, आणि मग इथे आल्यावर तांडेलाशी (बोट चालवणाऱ्याशी) भांडतात की तीनला आयलंड का नाही दाखवत. अहो त्या दिवशी तीनला ते आयलंड, म्हणजे नदीच्या मुखाजवळची वाळू, पाण्याखाली असतं! त्यामुळे हा सगळा लेख त्या एका गोष्टीभोवती आहे, दिवसाची रांग भरती-ओहोटीवर लावा, बाकी सगळं आपोआप बसतं.

सगळ्यात आधी कॅलेंडर

सीझन आधी बघून घ्या. पावसाळ्यात किल्ल्याच्या आणि पर्यटनाच्या बोटी बंद असतात, मे महिना सरता सरता बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत, आणि सप्टेंबरमध्ये पण समुद्राचा मूड बघूनच सुरू होतात. जून-जुलै तर मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे बोट नाही आणि ताटात ताजा मासाही धड नाही, त्या दिवसात धबधबे बघायला आंबोलीला जा, मालवणचं नाव काढू नका. सगळ्यात मस्त डिसेंबर ते फेब्रुवारी. मे मध्ये आंबे असतात पण गर्दी आणि घाम दोन्ही बेक्कार. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते एक जानेवारी हे दिवस तर टाळाच, त्या आठवड्यात देवबागच्या त्या एका अरुंद रस्त्यावर गाडी अडकली की तासभर तिथेच.

आता तारीख. इथे घरातलं कालनिर्णय उघडा आणि तिथी बघा, वार नंतर. (कालनिर्णयवाले जयंतराव साळगावकर मालवणचेच, तिथल्या मेढा भागात त्यांनी बांधलेलं जय गणेश मंदिर आहे, वेळ उरला तर दहा मिनिटं जाऊन या.) आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा आहे की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. म्हणजे अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, सकाळी सहाच्या आसपास भरती आणि संध्याकाळी परत सहाच्या आसपास, आणि मधे बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी सव्वाअकराला पाणी पूर्ण भरलेलं, आणि ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढे. शुक्ल असो की कृष्ण, पंधरवडा कुठलाही चालतो. रोज ही वेळ पाऊण तास, कधी त्याहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून मित्र गेल्या आठवड्यात गेला होता आणि त्याला अकराला आयलंड दिसलं म्हणून तुम्हाला अकराला दिसेल असं नाही.

हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून नक्की करायला मोबाईलवर टाइड टेबल बघून घ्या. तिथे अजून एक गोष्ट कळते, दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त खाली जाते, एक कमी. आणि पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी. उधाणाच्या ओहोटीला वाळूचा पट्टा मोठा उघडा पडतो पण प्रवाह जोरात असतो, भांगाला पट्टा लहान, कधी घोट्याएवढं पाणी राहतंच, पण पाणी शांत. लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर मी भांगाचे दिवस सुचवेन, नुसते मित्र असाल आणि फोटोला मोठी वाळू हवी असेल तर उधाणाचे.

मग दिवसाची रांग

याचे मुख्य दोन प्रकार पडतात. तिथी पंचमी ते नवमीच्या मधली असेल तर ओहोटी साडेनऊ-दहा ते पाऊणच्या दरम्यान येते, मग सकाळी आधी देवबाग गाठायचं, सातला बोट, डॉल्फिन, संगम (नदी समुद्राला मिळते ती जागा), आणि पाणी उतरलं की आयलंड, दुपारी जेवण, ऊन उतरल्यावर तीन-साडेतीनला सिंधुदुर्ग किल्ला, सूर्यास्त रॉक गार्डनला. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास असाल तर उलट, सकाळी आठच्या पहिल्या बोटीने किल्ला, मग हवं तर स्कूबा, जेवण, आणि साडेतीननंतर देवबागला बोट, आयलंडवरच सूर्य खाली जाताना बघायचा. या दुसऱ्या प्रकारात डॉल्फिनचा चान्स कमी होतो, कारण दुपारनंतर वारा सुटलेला असतो आणि हलत्या पाण्यात पाठ दिसतच नाही, ते मान्य करूनच निघा. मधल्या तिथी, दशमी-एकादशी वगैरे, तिथे ओहोटी दीड-दोन-अडीचला पडते, मग डॉल्फिन सकाळी आणि आयलंड उन्हात, टोपी घाला, काय करणार.

वाऱ्याचं पण समजून घ्या. थंडीच्या दिवसात पहाटेपासून मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, हलका, त्यात पाणी तेल ओतल्यासारखं गप्प असतं. अकरा-बारा वाजले की तो पडतो आणि मग समुद्रावरून वारा लागतो, बराचसा वायव्येकडून, आणि लाटांवर पांढरं दिसायला लागतं. शाळेत खारे वारे मतलई वारे पाठ केलेले ते इथे पैसे वसूल करतात. म्हणून तांडेल जर म्हणाला, "दुपारनंतर वारो सुटतलो, बेगीन चला," तर नाश्ता अर्धा टाकून उठा, त्याला घाई नाहीये, तो तुमच्या भल्याचं सांगतोय.

किती जण

सहा ते आठ. याचं कारण सरळ आहे, देवबागच्या लहान बोटीत एवढे जण सुटसुटीत बसतात, एका अर्टिगात किंवा दोन रिक्षांत मावतात, आणि खानावळीत एका टेबलवर बसतात. दहा-बारा झाले की दोन बोटी लागतात, मग एका बोटीला डॉल्फिन दिसतो, दुसरीला नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्यावरून टोमणे. चारच जण असाल तर पूर्ण बोट महाग पडते, मग दुसऱ्या कुटुंबाबरोबर शेअर करा, किनाऱ्यावर असे चार-चारवाले बरेच असतात, जरा विचारायला लाजू नका.

ग्रुपमध्ये एकालाच पैशाचं आणि बोलण्याचं काम द्या. आठ जण आठ तोंडांनी भाव करायला लागले की बोटवाला कंटाळतो आणि तोच भाव परत सांगतो.

पोचायचं कसं

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या बेस्ट, सकाळी कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर, रिक्षा, वडाप, एसटी सगळं मिळतं. पण एक लक्षात घ्या, गाडी वेळेवर आली तरी तुमची सातची बोट गेलेली असते, म्हणून अष्टमीवाला (सकाळी देवबागचा) प्लॅन असेल तर आदल्या रात्री मालवण किंवा तारकर्लीलाच मुक्काम करा, देवबागमध्ये होमस्टे गल्लीगल्लीत आहेत. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं आणि सीझनला पटापट भरतं. वंदे भारत कणकवलीला थांबते, तिथून मालवण जरा लांब, आणि मालवणला पोचेपर्यंत दुपार होते त्यामुळे त्या दिवशी फक्त किल्ला होईल. कोल्हापूरवाले पहाटे चारला निघून घाट उतरून येतात आणि त्याच रात्री परत जातात, ते कोल्हापूरवाल्यांनाच जमतं. पणजीहून सकाळी लवकर निघालात तर आरामात.

मालवण ते तारकर्ली सहा-सात किलोमीटर, तिथून पुढे देवबाग, रस्ता एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असा चिंचोळ्या पट्टीवरून जातो. ती पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते, तोच संगम. पलीकडच्या काठावर भोगवे.

बोट ठरवताना

हा भाग नीट वाचा, इथेच जास्त गोंधळ होतो.

हॉटेलवाल्याने दिलेलं पॅकेज लगेच घेऊ नका. त्यात बहुतेक वेळा डॉल्फिन, आयलंड, बनाना राइड, जेट स्की, पॅरासेलिंग, स्कूबा असं सगळं एका दोरीत बांधलेलं असतं आणि सात जणांपैकी चौघांना पाण्यात उतरायचंच नसतं. सरळ किनाऱ्यावर जाऊन किंवा आदल्या दिवशी फोन करून फक्त बोट सफर वेगळी ठरवा, पाण्यातले खेळ ज्याला करायचे त्याने तिथे जाऊन करावेत. भाव सीझन आणि आठवड्याच्या वाराप्रमाणे बदलतो, म्हणून आकडा सांगत नाही, पण विचारायचं असं: पूर्ण बोटीचे किती, किती तास, कुठे कुठे नेणार, आयलंडवर किती वेळ थांबणार, आणि डॉल्फिन दिसला नाही तरी तेवढेच का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असतं आणि ते बरोबरच आहे, डिझेल तर जळलंच. "शंभर टक्के दाखवतो" म्हणणाऱ्यापेक्षा "नशीब" म्हणणारा बरा.

मग बोट बघा. बोटीवर नोंदणी नंबर आणि किती माणसं न्यायची ते रंगवलेलं असतं. तेवढीच माणसं. एक जास्तीचा पाहुणा "अॅडजस्ट" करतो म्हणाला तर नको म्हणा. २०२२ च्या मे मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली होती, दोन जण गेले, आणि २०२४ च्या डिसेंबरात मुंबईत एलिफंटाला जाणारी बोट बुडाली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर अडकवून चालत नाही, पुढचे बक्कल लावायचे, पट्टा ओढून घट्ट करायचा, आणि मग कोणालातरी खांद्यावरून जॅकेट वर ओढायला सांगायचं, ते कानापर्यंत वर आलं तर पाण्यात ते वर तरंगेल आणि तुम्ही खाली. मुलांच्या मापाचं आहे का ते बोट ठरवतानाच विचारा, किनारा सोडल्यावर नाही. आमच्या एका पाहुण्यांच्या बोटीत एकदा सहा वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसाचं जॅकेट दिलं होतं, बोटवाला म्हणे काय होत नाय, तिच्या आईने सरळ बोट बदलली आणि चांगलं केलं.

फोनमध्ये दोन नंबर ठेवा, ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४. लागणार नाहीत, पण ठेवा.

पैसे रोख थोडे जास्त ठेवा. ऑनलाइन सगळे घेतात पण देवबागच्या टोकाला रेंज जाते आणि मग सगळे फोन वर धरून उभे.

बोटीत

लाकडी किंवा फायबरची बोट असते, वर ताडपत्रीचं छप्पर, मागे इंजिन. किनाऱ्यावरून चढताना गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं त्यामुळे जीन्स घालून येऊ नका, सुकत नाही आणि दिवसभर मांड्या सोलून निघतात. चप्पल हातात. चढताना तांडेल सांगेल तिथे बसा, तो जाड माणसाला उजवीकडे आणि बारक्याला डावीकडे बसवतो ते अपमान म्हणून नाही, बोट कलू नये म्हणून. आणि डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला उभे राहू नका. हे सगळे करतात. नका करू.

उलटीचा त्रास होणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-एक तास आधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. सकाळी उपाशी पण नको आणि तुडुंब पण नको, दोन घावणे आणि चहा एवढं पुरे. मागच्या बाजूला इंजिनाचा धूर येतो म्हणून अशा माणसाला मधे बसवा, आणि त्याला मोबाईल बघू देऊ नका, लांब भोगव्याच्या डोंगराकडे बघायला सांगा.

आपल्याकडे दिसतात ते कुबड असलेले डॉल्फिन, टीव्हीवर उड्या मारतात तसले नाहीत. करडी पाठ, त्यावर उंचवटा, एक फुस्स असा आवाज, आणि गेला. दोन-तीन सेकंद. त्यामुळे फोटोच्या मागे लागलात तर फोटोत फक्त पाणी येतं, आधी डोळ्यांनी बघा. इंजिन बंद करून थांबायला सांगा, पाच-दहा मिनिटं गप्प बसलं की तेच जवळपास वर येतात. चार बोटी एका डॉल्फिनच्या मागे धावतात तेव्हा तो खोल जातो आणि परत दिसत नाही, शिवाय कायद्याने तो संरक्षित प्राणी आहे, त्याला हाकलत नेणं गुन्हाच. तुम्ही पैसे देणारे आहात, तुम्ही "मागे नको जाऊ, थांबूया" म्हणालात तर तांडेलालाही बरं वाटतं, डिझेल वाचतं त्याचं.

संगमावर जरा बोट हलते. तिथे काय होतं, सुकतीचं (ओहोटीचं) पाणी नदीतून बाहेर येत असतं आणि समोरून वारा व लाटा आत येत असतात, दोघं समोरासमोर भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट आदळल्यासारखी वाटते. दोन मिनिटांचा प्रकार आहे, बसून रहा, कडेला धरा, ओरडून मुलांना घाबरवू नका. वारा जास्त असेल तर तांडेल बाहेर समुद्रात नेणारच नाही, नदीतच फिरवेल, तेव्हा "आम्ही पैसे दिलेत" करू नका. त्याऐवजी नदीत वर कांदळवनाच्या बाजूने न्यायला सांगा, तिथे खंड्या, बगळे, काठावर माडांच्या सावलीत धुणं वाळत घातलेलं, आणि इतकं शांत पाणी की मला तर कधी कधी तेच जास्त आवडतं. तसलंच फक्त हवं असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायकांचा बचत गट हाताने वल्हवत कांदळवन दाखवतो, इंजिन नाही काही नाही, पण तो वेगळ्या दिवसाचा बेत.

सुनामी आयलंड

नाव ऐकून मोठं बेट वाटतं. नदीच्या मुखाजवळचा वाळूचा उंचवटा आहे, २००४ च्या सुनामीनंतर वर आला असं इथे सगळे सांगतात. भरतीला जवळजवळ गायब, पाणी उतरायला लागलं की आधी पाण्याचा रंग बदलतो, हिरव्याचा चहासारखा तपकिरी, मग मधेच एक ओला पट्टा चमकतो, मग त्यावर बगळा येऊन उभा राहतो, तो उभा राहिला की समजायचं आता माणसंही उभी राहू शकतात. टपरीवाले पाण्यातच बाकडी टाकून बसतात, पाय पाण्यात सोडून चहा-भजी खायची, हे मुलांना डॉल्फिनपेक्षा जास्त आवडतं याची गॅरंटी.

इथे फक्त एक नियम पाळा. आयलंडच्या नदीकडच्या बाजूला प्रवाह असतो, वाळू एकदम खाली जाते, घोटाभर पाण्यातून दोन पावलं टाकली की कमरेएवढं. पोहता येतं म्हणून तिकडे जाऊ नका. जिथे टपऱ्या आणि गर्दी आहे त्या उथळ बाजूलाच खेळा. आणि तांडेलाने "चला" म्हटलं की चला, भरती लागली की ते पाणी बघता बघता चढतं.

बाथरूम तिथे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. देवबागमध्ये बोट सुटते तिथल्या हॉटेलात जाऊन या. कपडे बदलायला पण तिथेच.

जेवण

मालवणी खानावळीत आठ जण अचानक दीडला जाऊन उभे राहिलात की अर्धा-पाऊण तास बसाल, रविवारी तर जास्तच. सकाळी बोटीत बसायच्या आधी फोन करून सांगा, इतके मच्छी थाळी, इतके व्हेज. सुरमई, पापलेट, बांगडा असे प्रकार असतात आणि मोठ्या माशाचा भाव साईजवर असतो, म्हणून ऑर्डर करतानाच विचारा, खाल्ल्यावर बिल बघून डोळे मोठे करू नका. माझं मत विचाराल तर ट्रिपवाले सगळे सुरमईच्या मागे लागतात आणि बांगड्याचं तिखलं आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं सोडून जातात, त्यातच खरी मजा आहे आणि खिशालाही परवडतं. व्हेजवाल्यांनी पनीर मागू नये, काळ्या वाटाण्याचं सांबारं मागावं, वड्यांबरोबर. सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजायचं नाही.

ज्यांची स्कूबा जेवणानंतर आहे त्यांनी हलकं खा. आणि दारू पिऊन पाण्यात उतरणारे दरवर्षी येतात, त्यांना काय सांगणार.

किल्ला

मालवण जेट्टीवरून तिकीट काढून बोट, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. बोटवाले तासाभरात परत या म्हणतात आणि ज्या बोटीने गेलात त्याच बोटीने यायचं असतं. तासाभरात पूर्ण किल्ला होत नाही, साधारण तीन किलोमीटरची तटबंदी आहे आणि अठ्ठेचाळीस एकराचं बेट. म्हणून तिकीट काढतानाच सांगा की आम्हाला दोन तास हवेत, पुढच्या बोटीने येऊ, गर्दी नसेल तर ऐकतात. संध्याकाळी शेवटची बोट कितीची ते जेट्टीवर विचारूनच चढा.

कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ मध्ये काम सुरू केलं, १६६७ ला पूर्ण झालं, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. दरवाजा समोरून दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मधे वळून आत जावं लागतं, बोट अगदी जवळ येईपर्यंत नवीन माणूस विचारत राहतो की आत जायचं कुठून. तिथेच जवळ तटावर घुमटीत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, मूर्ती बिनदाढीची आहे, ती बघून बरेच जण चमकतात. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी, चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला त्यात हा आहे, तेव्हापासून गर्दी वाढलीय. गाईड घ्या, सात-आठ जणांत वाटून काहीच पडत नाही. आतमध्ये अजून काही कुटुंबं राहतात, त्यांच्या अंगणात घुसून फोटो काढू नका, घर आहे ते. आणि तटावर चढायच्या पायऱ्यांवर कुठे कुठे शेवाळ असतं, गुळगुळीत तळाच्या चपला असतील तर काढून चढा.

स्कूबा बहुतेक किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर करवतात, पोहता आलं नाही तरी चालतं, ट्रेनर धरून नेतो. दमा, कानाचा त्रास, हृदयाचा त्रास, गरोदर बाई, यांनी नाही. सर्दी असेल तरी नाही, कान फुटायची वेळ येते. आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस करून घेतात, ती करून न घेता थेट खाली नेणारा असेल तर उठून या. खाली प्रवाळाला हात लावू नका, पाय तर अजिबातच टेकवू नका, १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. आणि स्कूबा केल्यावर त्याच दिवशी चिपी किंवा मोपाचं विमान पकडू नका, दुसऱ्या दिवशीचं काढा, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो.

पिशवीत काय

टॉवेल, एक जोडी सुके कपडे, दोरीवाली टोपी (साधी टोपी संगमावर उडते, रोज एकतरी उडते), मोबाईलला पाण्याचा पाउच, पाणी भरपूर. सोनं, महागडी घड्याळं घरी ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या दोन, एक ओल्या कपड्यांना आणि एक तुमच्या कचऱ्याला, बोटीत तांडेल कचरा ठेवून घेतो पण आयलंडवर टाकलेला वेफरचा कागद भरतीबरोबर सरळ समुद्रात.

संध्याकाळ आणि परतीची गाडी

अष्टमीवाला प्लॅन असेल तर किल्ल्यावरून आलात की रॉक गार्डनला जा. त्याआधी जेट्टीच्या बाजूच्या किनाऱ्यावर बोटी लागत असतील तर मासळीचा लिलाव चालू असतो, बघण्यासारखा, टोपल्यांभोवती बायकांचा घोळका, हाताचं बोट वर, आकडा खाली, आपल्याला कळेपर्यंत टोपली उचललेली. आणि कुठे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोर धरायला मदत केली तर कोणी नाही म्हणत नाही, उलट हसतात, फक्त जाळ्यावर पाय देऊ नका. मासळी घरी न्यायची असेल तर बर्फ घालून थर्माकोलच्या डब्यात पॅक करून देतात, टेप डबल लावून घ्या, नाहीतर रात्रभर डबा गळतो आणि खालच्या बर्थवाला तुम्हाला शिव्या घालतो. खाजा, कोकम, मालवणी मसाला बाजारपेठेतून.

कुडाळला जायची रिक्षा किंवा गाडी सकाळीच ठरवून ठेवा, रात्री आयत्या वेळी आठ जणांना ओल्या बॅगांसकट नेणारा मिळणं कठीण. मालवणहून कुडाळला पाऊण ते एक तास धरा, आणि गाडीच्या वेळेच्या आधी अर्धा तास स्टेशनवर असा, कारण कोकण रेल्वे लेट असते यावर विश्वास ठेवून उशिरा येणाऱ्यांच्या दिवशीच ती बरोबर टायमाला सुटते.